मातीची वखार आणि सरकती सीमा : अमेरिकेतील बेंट्स ओल्ड फोर्टच्या भेटीतून उलगडणारा इतिहास

सारांश

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात आर्कान्सा नदीच्या उत्तर काठावर असलेली ‘बेंट्स ओल्ड फोर्ट’ ही वास्तू म्हणजे इ. स. १८३३च्या सुमारास कच्च्या विटांनी बांधली गेलेली एक व्यापारी वखार होय. त्या काळी ही नदी अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांमधील सीमा होती. सैन्याचा आधार नसतानाही ही वखार सुमारे सोळा वर्षे टिकली. मात्र सीमा सरकताच अल्पावधीत ओस पडली. आज अभ्यागतांना दिसते ती १९७६मध्ये पूर्ण झालेली पुनर्बांधणी आहे. प्रस्तुत लेखात या स्थळाच्या भेटीच्या क्रमाने वखारीची रचना, मातीच्या बांधकामाचे शास्त्र आणि सीमाप्रदेशातील व्यापारसंबंध यांचा परिचय करून दिला आहे. मातीची भिंत आणि सीमेवरील शांतता या दोहोंचे अस्तित्व अखंड देखभालीवर अवलंबून असते, हे या विवेचनातून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : अडोबी, वखार, सीमाप्रदेश, सांता फे मार्ग, शायान, पुनर्बांधणी

प्रास्ताविक

‘वखार’ हा शब्द मराठी वाचकास परिचित आहे. सुरत, राजापूर येथील इंग्रजांच्या वखारींचा उल्लेख मराठ्यांच्या इतिहासात वारंवार येतो. परक्या मुलखात जाऊन माल साठविण्याची, देवाणघेवाण करण्याची आणि प्रसंगी स्वसंरक्षणाची सोय असलेले ठाणे, असा तिचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातही अशी व्यापारी ठाणी उभी राहिली. त्यांपैकी बेंट बंधू व त्यांचे भागीदार यांनी उभारलेली वखार विशेष प्रसिद्ध आहे.

या प्रदेशास त्या काळी ‘महान अमेरिकन वाळवंट’ असे संबोधले जाई. स्टीफन लाँग याच्या १८२०च्या मोहिमेनंतर तयार झालेल्या नकाशात हे नाव ठळकपणे आढळते. भूगोलाच्या काटेकोर परिभाषेत हा प्रदेश वाळवंट नसून निमओसाड गवताळ पठार आहे. वखारीच्या परिसरात वार्षिक पाऊस सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. नदीकाठ सोडला तर झाडे विरळ आहेत. बांधकामास लाकूड दुर्मिळ आणि माती मुबलक, अशा या परिस्थितीत वखार मातीची व्हावी, हे स्वाभाविकच होते.

लेखाचे उद्देश

१) वखारीच्या स्थापनेमागील भौगोलिक व राजकीय कारणे स्पष्ट करणे.
२) कच्च्या विटांच्या बांधकामाचे गुणदोष समजावून देणे.
३) वास्तूच्या विविध भागांतून प्रकट होणारे सामाजिक व आर्थिक संबंध विशद करणे.
४) पुनर्बांधणी केलेल्या ऐतिहासिक स्थळाचे वाचन कसे करावे, याचा विचार करणे.

१. सीमा, मार्ग आणि वखार

अमेरिका व स्पेन यांच्यात १८१९मध्ये झालेल्या अ‍ॅडम्स–ओनिस कराराने आर्कान्सा नदीचा मोठा टप्पा दोन सत्तांमधील सीमा म्हणून निश्चित केला. १८२१मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि स्पेनच्या काळात परकीयांना बंद असलेला सांता फे येथील व्यापार खुला झाला. त्याच वर्षी विल्यम बेकनेल हा मिसूरीहून माल घेऊन सांता फे येथे पोहोचला. पुढे याच वाटेस ‘सांता फे मार्ग’ हे नाव प्राप्त झाले. या मार्गाच्या दोन शाखा होत्या. सिमॅरॉन नदीकडून जाणारी शाखा जवळची, परंतु पाण्याच्या दृष्टीने धोक्याची होती. आर्कान्सा नदीच्या काठाने जाऊन पुढे रॅटन खिंड ओलांडणारी शाखा लांबची, पण पाण्याची शाश्वती असणारी होती. बेंट यांची वखार या दुसऱ्या शाखेवर उभी राहिली.

चार्ल्स बेंट, त्याचा धाकटा भाऊ विल्यम बेंट आणि सेरान सेंट व्ह्रेन हे या व्यवसायाचे प्रमुख होत. त्यांच्यामध्ये कामाची विभागणी होती. विल्यम प्रामुख्याने वखारीत राहून आदिवासी जमातींशी व्यवहार पाही. चार्ल्स आणि सेंट व्ह्रेन हे ताओस, सांता फे आणि मिसूरी यांच्याशी संबंध राखीत. वखार नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीत होती. नदी ओलांडली की मेक्सिकोचा मुलूख सुरू होई. प्रत्यक्षात मात्र दोन्ही काठांवरील विस्तीर्ण प्रदेशावर शायान, अरापाहो, कायोवा, कोमांचे या जमातींचाच वावर होता. म्हणजेच नकाशावर दोन राष्ट्रांची सीमा असलेले हे स्थळ वस्तुतः अनेक लोकसमूहांच्या भेटीचे ठिकाण होते.

२. मातीच्या बांधकामाचे शास्त्र

उन्हात वाळवलेल्या, न भाजलेल्या विटेस तेथे ‘अडोबी’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला असून त्याचे मूळ अरबीत आणि त्याही मागे प्राचीन इजिप्तच्या भाषेत सापडते. चिकणमाती, वाळू आणि गवताचा काड यांचे मिश्रण पाण्यात कालवून लाकडी साच्यात घातले जाते आणि विटा उन्हात अनेक दिवस वाळविल्या जातात. चिकणमाती कणांना धरून ठेवते, वाळू तडे जाण्यास प्रतिबंध करते आणि काडामुळे वीट सर्व बाजूंनी समान वाळते. विटा रचताना त्याच मातीचा गारा वापरतात आणि वरून मातीचाच गिलावा देतात. हे कौशल्य न्यू मेक्सिकोतील कारागिरांकडे पिढ्यानपिढ्या होते. त्यामुळे वखारीच्या बांधकामासाठी तेथूनच मजूर आणले गेले.

वखारीची छपरे सपाट होती. भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या व झुडपांचा थर आणि सर्वांत वर माती, अशी त्यांची घडण होती. मराठवाडा, खानदेश व विदर्भ येथील धाब्याची वा माळवदाची घरे पाहिलेल्या वाचकास ही रचना सहज ध्यानात येईल. गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांशीही जाड, उंच आणि खिडक्यांवाचूनच्या बाह्य भिंतींच्या बाबतीत तिचे साम्य आहे.

जाड मातीची भिंत दिवसा उष्णता हळूहळू शोषून घेते आणि रात्री ती बाहेर सोडते. जेथे दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते, तेथे या गुणामुळे खोल्या दुपारी थंड व रात्री उबदार राहतात. अशी भिंत पेट घेत नाही, हा तिचा दुसरा गुण. गवताळ प्रदेशातील वणव्यांचा विचार करता याचे महत्त्व लक्षात येते.

या बांधकामाचा मुख्य दोष पाणी हा होय. पावसाने गिलावा धुपतो. जमिनीतील ओल भिंतीच्या तळाशी चढते; ती सुकताना क्षार मागे राहतात आणि तळची माती भुसभुशीत होऊन झडू लागते. छपराला एखादी भेग पडली तरी पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते. यावर कायमचा उपाय नाही. वारंवार लिंपण करणे हाच उपाय आहे. न्यू मेक्सिकोत हे काम परंपरेने स्त्रिया करीत. रांचोस दे ताओस येथील सान फ्रान्सिस्को चर्चचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. देखभालीचा त्रास वाचावा म्हणून १९६७मध्ये त्या मातीच्या इमारतीस सिमेंटचा टणक गिलावा देण्यात आला. त्यामुळे ओल आत कोंडली आणि भिंतींची हानी झाली. पुढे हा गिलावा काढून पुन्हा मातीचे लिंपण सुरू करण्यात आले. तेव्हापासून ग्रामस्थ दरवर्षी एकत्र येऊन हे काम करतात. मातीची वास्तू एकदा बांधून संपत नाही, हा धडा यातून मिळतो.

३. वखारीची फेरी

ला हुंता या गावापासून पूर्वेस काही मैलांवर हे स्थळ आहे. वाहनतळापासून वास्तूपर्यंत सुमारे पाव मैल चालावे लागते. सपाट माळावर प्रथम नजरेस पडतात त्या तपकिरी भिंती आणि दोन विरुद्ध कोपऱ्यांवरील गोल बुरूज. या बुरुजांवरून चारही बाजूंच्या भिंतींवर लक्ष ठेवता येई. प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूस टेहळणीची खोली आहे. दरवाजातून आत गेल्यावर मोकळे चौकोनी अंगण लागते. अंगणाभोवती खोल्यांच्या ओळी असून त्यांची दारे अंगणातच उघडतात. बाहेरून किल्ला आणि आतून चौसोपी वाडा, असे या वास्तूचे दुहेरी रूप आहे.

अंगणाच्या मध्यभागी लाकडी दाबयंत्र आहे. बायसन या रानटी गोवंशीय प्राण्याची केसांसह कमावलेली कातडी हा वखारीचा मुख्य माल होता. ही कातडी दाबून तिचे गठ्ठे बांधले जात आणि ते बैलगाड्यांतून मिसूरीकडे रवाना होत. दाबयंत्र अंगणाच्या केंद्रस्थानी असणे हे वखारीच्या अर्थकारणाचे द्योतक आहे. मात्र कातडे कमावण्याचे कष्टाचे काम या अंगणात होत नसे. कातडे खरवडणे, त्यास मेंदूचा लेप लावणे, ते ताणणे व मऊ करणे ही सर्व कामे शायान, अरापाहो आदी जमातींच्या स्त्रिया आपल्या तळांवर करीत. वखारीच्या समृद्धीचा मोठा भाग या स्त्रियांच्या श्रमावर उभा होता. परंतु अभ्यागतास त्याची खूण वास्तूत फारशी दिसत नाही.

व्यापाराच्या खोलीत कापड, घोंगड्या, मणी, सुऱ्या, भांडी, तंबाखू, साखर, कॉफी, बंदुकीची दारू अशा वस्तू मांडलेल्या दिसतात. शेजारी बैठकीची खोली आहे. जमातींच्या प्रमुखांशी व्यवहार करण्यापूर्वी तेथे एकत्र बसणे, धूम्रपानाचा विधी आणि भेटवस्तूंची देवघेव होई. आधी नाते आणि मग सौदा, अशी या व्यापाराची रीत होती. व्यापाऱ्याने भेट दिली नाही तर तो शत्रू नसला तरी आप्तही ठरत नसे.

स्वयंपाकघर पाहताना शार्लट ग्रीन या स्त्रीचे स्मरण आवश्यक ठरते. तिच्या हातच्या अन्नाची प्रवाशांमध्ये ख्याती होती. ती, तिचा पती डिक ग्रीन आणि अँड्र्यू ग्रीन हे बेंट कुटुंबाच्या गुलामगिरीत होते. अनेक लोकसमूहांच्या सहजीवनाचे प्रतीक म्हणून या वखारीचा गौरव केला जातो. तो करताना त्याच अंगणात गुलामीही नांदत होती, हे विसरता येत नाही.

वरच्या मजल्यावरील राहण्याच्या खोल्यांशी सुझन मॅगोफिन या तरुण स्त्रीचे नाव जोडलेले आहे. व्यापारी पतीसह प्रवास करणारी सुझन जुलै १८४६च्या अखेरीस येथे पोहोचली. तिचा एकोणिसावा वाढदिवस येथेच आला आणि याच मुक्कामात तिचा गर्भपात झाला. तिच्या रोजनिशीत वखारीतील दिनक्रमाचे बारकावे आहेत. धूळ बसावी म्हणून मातीच्या जमिनीवर दिवसातून अनेकदा पाणी शिंपडावे लागे, ही तिची नोंद मातीच्या घराची नित्य देखभाल किती अनिवार्य होती, हे दर्शविते.

मागील बाजूस जनावरांचे आवार आहे. त्याच्या भिंतींच्या माथ्यावर निवडुंग लावलेला आहे. घोडे व खेचरे ही सीमाप्रदेशातील मोठी संपत्ती असल्याने चोरट्यांना भिंत चढणे अवघड व्हावे, हा त्यामागील हेतू होता.

४. नाती, पत आणि शांतता

मोजक्या माणसांची ही वखार हजारोंच्या संख्येने असलेल्या लढाऊ जमातींच्या प्रदेशात कशी टिकली, हा या स्थळाच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. केवळ भिंतींची उंची हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

विल्यम बेंटने १८३५च्या सुमारास आऊल वूमन या शायान स्त्रीशी विवाह केला. तिचे वडील व्हाइट थंडर हे शायानांच्या पवित्र बाणांचे रक्षक होते. त्या समाजात हे पद अत्यंत आदराचे मानले जाई. या विवाहाने विल्यम हा केवळ व्यापारी न राहता शायानांचा जावई झाला. दुसरीकडे, चार्ल्स बेंटने ताओस येथील मारिया इग्नासिया हारामियो हिच्याशी संसार थाटला. तिची बहीण होसेफा ही किट कार्सन याची पत्नी होय. कार्सनने काही काळ वखारीसाठी शिकारी म्हणून काम केले होते. सेंट व्ह्रेनने मेक्सिकोचे नागरिकत्व स्वीकारले होते. अशा रीतीने सीमेच्या दोन्ही बाजूंस आणि जमातींमध्येही या पेढीची सोयरीक पसरलेली होती. परस्परविश्वास, उधारी आणि नातेसंबंध यांचे हे जाळे हीच वखारीची खरी तटबंदी होती.

१८४०मध्ये शायान व अरापाहो यांनी कायोवा, कोमांचे आदी जुन्या शत्रूंशी कायमचा तह केला. वखारीपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी, आर्कान्सा नदीकाठी हे लोकसमूह एकत्र आले आणि त्यांनी एकमेकांना भेटी दिल्या. हा तह जमातींनी स्वतः घडविला होता. वखारीस त्याचा मोठा लाभ झाला, कारण दक्षिणेकडील जमातींशी व्यापार अधिक सुलभ झाला.

मात्र या व्यापाराची दुसरी बाजूही आहे. कातड्याची मागणी जसजशी वाढली तसतशी बायसनची शिकार स्वतःच्या गरजेपुरती न राहता बाजारासाठी होऊ लागली. जमाती बंदुका, धातूची भांडी व कापड यांवर अवलंबून राहू लागल्या. वखारीने शांततेचा लाभ घेतला. पण ज्या कळपांवर त्या जमातींचे जीवन अवलंबून होते, त्यांच्या ऱ्हासालाही हातभार लावला.

५. सीमा सरकते

१८४६मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले. स्टीफन कर्नी याच्या नेतृत्वाखालील दीड हजारांहून अधिक सैनिक त्या उन्हाळ्यात वखारीपाशी जमले. लष्कराची रसद, आजारी सैनिक आणि जनावरे यांचा भार वखारीवर पडला. आसपासचे गवत व लाकूड संपत गेले. कर्नीने १८ ऑगस्ट १८४६ रोजी सांता फे येथे प्रवेश केला आणि पुढे चार्ल्स बेंट याची न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर म्हणून नेमणूक केली. आतापर्यंत दोन्ही बाजूंचा मध्यस्थ असलेला व्यापारी आता जेत्यांचा प्रतिनिधी झाला. जमिनीच्या मोठ्या अनुदानांतील त्याच्या हितसंबंधांमुळे स्थानिकांमध्ये आधीच रोष होता. १९ जानेवारी १८४७ रोजी ताओस येथील उठावात त्याच्याच घरी त्याची हत्या झाली.

उठाव दडपताना अमेरिकी सैन्याने ताओस प्वेब्लो येथील चर्चवर तोफा डागल्या. मातीच्या जाड भिंतींनी प्रारंभी गोळे पचविले. अखेर ते चर्च उद्ध्वस्त झाले आणि आत आश्रय घेतलेल्यांपैकी अनेक जण मारले गेले. या मोहिमेतील कामगिरीनंतर डिक ग्रीन व त्याच्या पत्नीस दास्यमुक्त करण्यात आले.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालूपे इदाल्गो कराराने सीमा शेकडो मैल दक्षिणेस गेली. ज्या सीमेमुळे वखारीस महत्त्व होते, ती सीमाच उरली नाही. १८४७मध्ये आऊल वूमनचा मृत्यू झाला होता. १८४९मध्ये पटकीच्या साथीने दक्षिणेकडील शायानांचा मोठ्या प्रमाणावर संहार केला. त्याच वर्षी विल्यमने वखार सोडली. त्याने ती स्वतःच जाळली वा सुरुंगाने उडविली, अशी कथा रूढ आहे. इतिहासकारांमध्ये याविषयी एकमत नाही. १८५३मध्ये त्याने नदीच्या खालच्या अंगास नवी वखार बांधली. ती मात्र दगडाची होती. दगड टिकाऊ असला तरी जुने संबंध त्या वास्तूत पुन्हा उभे राहिले नाहीत. १८६०मध्ये ती लष्कराकडे गेली आणि तिच्या परिसरातील तळ पुढे फोर्ट लायन म्हणून ओळखला जाऊ लागला.

याच फोर्ट लायनहून निघालेल्या फौजेने २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे शायान व अरापाहो यांच्या तळावर हल्ला करून स्त्रिया, मुले व वृद्ध यांची कत्तल केली. विल्यम बेंटचा मुलगा रॉबर्ट यास वाटाड्या म्हणून सक्तीने फौजेबरोबर नेण्यात आले होते. जॉर्ज, चार्ल्स व ज्युलिया ही त्याची भावंडे त्या तळावर होती. सीमेवरील सोयरिकीतून जन्मलेली एकाच घरातील मुले त्या दिवशी दोन बाजूंस होती. मातीची वखार ज्या नात्यांवर उभी होती, त्या नात्यांचा अंत याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

६. पुनर्बांधणी : अभ्यागत काय पाहतो?

ओस पडलेल्या वखारीच्या भिंती ऊनपावसाने विरघळत गेल्या. मूळ वास्तूचे उरले ते मुख्यतः पायाचे अवशेष. १९६०मध्ये या जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि राष्ट्रीय उद्यान सेवेकडे तिची व्यवस्था आली. उत्खननांतून पायांची मांडणी व वापरातील वस्तू उजेडात आल्या. पुनर्बांधणीस सर्वांत मोठे साहाय्य झाले ते लेफ्टनंट जेम्स अ‍ॅबर्ट याच्या रेखाटनांचे. १८४६मध्ये आजारपणामुळे त्यास वखारीत मुक्काम करावा लागला होता. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने वास्तूची मोजमापे घेतली व आराखडे काढले. इतर प्रवाशांनी दिलेली मापे परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे अ‍ॅबर्टचे काम मोलाचे ठरते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी आणि कोलोरॅडो राज्याची शताब्दी यांच्या निमित्ताने १९७६मध्ये पुनर्बांधणी पूर्ण झाली.

मूळ अवशेषांच्या जागी नवी वास्तू उभारावी काय, हा संवर्धनशास्त्रातील वादाचा प्रश्न आहे. पुनर्बांधणीमुळे अभ्यागतास अवकाशाचा प्रत्यक्ष अनुभव मिळतो. परंतु पाहिलेले सर्व काही मूळचेच आहे, असा भ्रमही निर्माण होतो. शिवाय ही वास्तू १८४६ या एका वर्षाचे चित्र गोठवून दाखविते. त्यापूर्वी होत गेलेले बदल, त्यानंतरची पडझड आणि सँड क्रीकची शोकांतिका या भिंतींत दिसत नाही. ती अभ्यागताने ज्ञानाच्या आधारे जोडून घ्यावयाची असते.

तरीही एका अर्थी ही वास्तू पूर्णतः अस्सल आहे. तिच्या भिंतीही धुपतात, तळाशी झडतात आणि त्यांचीही वारंवार डागडुजी करावी लागते. बेंट यांच्या काळातील मजुरांपुढे जी समस्या होती, तीच आजच्या संवर्धकांपुढे आहे.

निष्कर्ष

१) वखारीचे महत्त्व तिच्या सीमावर्ती स्थानामुळे निर्माण झाले आणि सीमा सरकल्यावर ते संपुष्टात आले.
२) कच्च्या विटांचे बांधकाम हा मागासपणा नसून स्थानिक साधने व हवामान यांना दिलेला शास्त्रशुद्ध प्रतिसाद होता, मात्र नियमित लिंपण ही त्याची अपरिहार्य अट होती.
३) वखारीचे संरक्षण भिंतींपेक्षा विवाहसंबंध, भेटवस्तू, पत व परस्परविश्वास यांनी अधिक केले.
४) या सहजीवनास गुलामगिरी, स्त्रियांचे अदृश्य श्रम आणि बायसनचा ऱ्हास यांची काळी किनार होती.
५) पुनर्बांधणी केलेले स्थळ पाहताना दिसणाऱ्या वास्तूबरोबरच न दिसणाऱ्या इतिहासाचेही वाचन आवश्यक आहे.

मातीची भिंत एका पावसाळ्यात पडत नाही. लिंपण थांबले की ती हळूहळू खचू लागते. आर्कान्सा नदीकाठच्या शांततेचेही असेच झाले. युद्धाने तिच्यावर घाव घातला हे खरे. परंतु भेटी देणारे, उधारी ठेवणारे आणि सोयरीक जपणारे हात दूर झाल्यावर ती सावरणारे कोणी उरले नाही. बेंट यांच्या वखारीची भेट ज्यास हे समजावून देते, त्याची ती भेट सार्थकी लागली असे म्हणता येईल.